‘आम्ही जबाबदार नाही’ : कारागिराची चिठ्ठी आणि कायदा





आपल्या यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रसकडची कितीतरी मुले आय.टी.आय. करून वायरमन, प्लंबर, पेंटर झाली आहेत. उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात गळके छत, एरवी विहिरीवरची मोटार. नोकरीची वाट पाहत बसण्यापेक्षा हे शतपटीने बरे. सम्यक आजीविका ती हीच. परंतु या धंद्यात एक समजूत रूढ झाली आहे. बिलावर ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असा शिक्का मारला किंवा स्टॅम्प पेपरवर सही घेतली, की आपण सुटलो! ही समजूत आपल्याच माणसाला दोन्हीकडून बुडवते.

साठच्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे एका लॉन्ड्रीचा खटला आला होता. कपडा हरवल्यास बाजारभावाच्या निम्मीच रक्कम मिळेल, असे पावतीवर छापलेले. गिऱ्हाइकाची साडी हरवली. ती अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे, असे न्यायालयाने ठरवले. नाही तर निष्काळजीपणालाच बक्षीस मिळाले असते. अशा अटींना 1872 च्या करार कायद्याचे 23 वे कलम आडवे येते. आता समजा, अर्थिंग न जोडता कूलर चालू करून दिला आणि पत्र्याला हात लावताच घरातल्या लेकराला शॉक बसला. तेव्हा तो शिक्का कोणत्या कामाचा? पैसे मोजून काम करून घेणारा घरमालक 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहक आहे, आणि अन्यायकारक करार कशाला म्हणावे हेही त्याच कायद्यात लिहिले आहे.

दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. ठेकेदार आपल्या पोराला पराचीवर चढवतो आणि ‘पडलो तर भरपाई मागणार नाही’ असे लिहून घेतो. पोटाची खळगी भरायची असली की माणूस कशावरही सही करतो. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातील 17 व्या कलमाने असे लिहून घेणे रद्दबातल ठरवले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली; अपघाताची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी तीतही आहे. बलवानाने दुबळ्यावर लादलेली अन्याय्य अट टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही 1986 मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात म्हटले. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्यांच्या लेकरांनी तरी स्वतः ठेकेदार झाल्यावर हाताखालच्या मजुराकडून असली चिठ्ठी घेऊ नये.

मग कारागिराचा बचाव कशात आहे? साध्या वहीत. काम धरण्यापूर्वी लिहा : ‘मागच्या भिंतीला आधीपासून ओल आहे’, ‘वायर मालकाने आणून दिली’, ‘जुने फिटिंग बदलायला सांगितले, मालकाने नको म्हटले’. काम किती, मजुरी किती, मुदत किती. खाली दोघांच्या सह्या, आणि मोबाइलवर फोटो. खरे काय होते याचा हा पुरावा असतो, म्हणून त्याला वजन असते. विजेचे काम मात्र परवान्याशिवाय करूच नका. तेथे वहीही वाचवणार नाही.

मी बँकेच्या काउंटरवर बसणारा माणूस, म्हणून विम्याचे सांगतोच. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयाच्या खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. मे अखेरीस खात्यात तेवढे 20 रुपये नसले की विमा तुटतो, आणि घरच्यांना ते अपघातानंतर कळते! हा विमा आपल्या कुटुंबासाठी. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी दायित्व विमा वेगळा घ्यावा लागतो. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी.

1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नुकसानीची नोटीस आली किंवा ठेकेदाराने भरपाई नाकारली, तर कशावरही सही करण्याआधी जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.

जयभीम! नमो बुद्धाय!