पोपडा उलटा करून बघा

हौसेने नटवलेली एखादी जुनी गाडी रस्त्यावर दिसली, की लोकांची नजर तिच्या रंगावर जाते. माझी जाते ती दाराच्या खालच्या कडेवर. तिथे फोड आलेत का, पोपडा सुटलाय का, ते मी बघतो. ही खोड मला भाच्याच्या गाडीने लावली.

गाडी प्रीमियर पद्मिनी. माझे मेहुणे ती चालवत. ते गेल्यावर चार पावसाळे ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. भाच्याने ती आपल्या मनासारखी करून घ्यायचं ठरवलं. रुंद चाकं घातली, चाकांवरच्या पत्र्याला फायबरचे फुगवटे जोडले, लोखंडी बंपर काढून प्लास्टिकचे लावले. वरचा भाग क्रीम आणि खालचा गर्द हिरवा, असे दोन रंग ठरले. (रंग बदलला की आरटीओकडे नोंद करावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसतं.) 2016 साली रमजान ईद जुलैत आली होती. भाच्याला ईदच्या आत गाडी हवी होती. रत्नागिरीचा पाऊस कोसळत असताना गॅरेजवाल्याने ती रंगवली आणि चाँदरातीला दारात आणून उभी केली. माझी बहीण गाडीवर हात फिरवत कितीतरी वेळ उभी होती.

दोन महिन्यांत बंपरचा रंग नखाने निघू लागला. मग दारांच्या खाली मोहरीएवढे फोड उठले. दिवाळीच्या सुमारास गाडी धुताना पाण्याच्या झोतासरशी बॉनेटवरचा पोळीएवढा पापुद्रा सुटून आला. भाच्याची दोन वर्षांची बचत त्यात गेली होती. गॅरेजवाला म्हणाला, ‘रंगाचा डबाच खराब निघाला.’

तो पापुद्रा वर्तमानपत्रात गुंडाळून मी एका जुन्या पेंटरकडे गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही, पापुद्रा उलटा केला. ‘भाई, आजार पाठीला असतो,’ म्हणाले. पाठ काचेसारखी गुळगुळीत होती, म्हणजे खालचा जुना रंग घासलाच नव्हता. पाठीला पांढरी भुकटी असेल तर लांबी घासल्यावरची धूळ पुसलेली नसते. तपकिरी असेल तर गंजावरच रंग मारलेला असतो. आमच्या गाडीवर या तिन्ही तऱ्हा निघाल्या.

रंग चिकटतो कसा, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला पकड मिळत नाही. पॉलिशपेपरने पडलेल्या बारीक चऱ्यांत तो रुतून बसतो. म्हणून जुना रंग चांगला असला तरी त्याची चकाकी मारावी लागते. प्रायमरखाली साधारण 320 नंबरचा पेपर आणि रंगाच्या आधी 400 ते 600 चालतो. कडेकपारी, दाराच्या मुठीखालची जागा, काचेच्या रबराची कड इथे हात पोचत नाही म्हणून घासणं राहतं, आणि पोपडा सुरू होतो तो नेमका तिथूनच.

पण घासण्याच्याही आधी धुणं आलं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. गाडीवर वर्षानुवर्षांचं मेण, ग्रीस आणि सिलिकॉनचं पॉलिश बसलेलं असतं. ते न काढता पेपर मारला, तर तेच तेल चऱ्यांत दाबून भरलं जातं. साबणाने धुवायचं, मग ग्रीस काढणारं द्रावण एका चिंधीने लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या चिंधीने पुसून घ्यायचं. घासून झाल्यावर पुन्हा एकदा हेच. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, घामात मीठ असतं.

आम्हां कोकणातल्या लोकांना मिठाचं काय सांगावं! रंगाच्या थरातून पाण्याची वाफ थोडीफार झिरपतेच. खाली मिठाचा कण असला की तो ती ओढून घेतो आणि फोड येतो. दारांखालच्या मोहऱ्या त्या याच. त्यात लांबी पाणी पिते. पाणपेपरने ती घासली आणि पुरती सुकू न देता वर रंग मारला, तर ते पाणी आत कोंडतं. उस्ताद लांबी कोरडीच घासतात. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारतात, कारण आमच्या हवेत पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. दमट हवेत, 85 टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर, गन हातात घेत नाहीत. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढतात.

हौसेच्या गाडीत आणखी एक अडचण असते. एकाच अंगावर तीन-चार कातड्या. पत्रा, फायबर, प्लास्टिक, जुना रंग, प्रत्येकाची तयारी वेगळी. फायबरच्या भागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण राहिलेलं असतं. बंपरच्या प्लास्टिकला रंग धरावा म्हणून त्याचा खास प्रायमर आधी लागतो. जुना रंग कोणता, हे कळण्यासाठी आडजागी थिनरची चिंधी थोडा वेळ ठेवायची. रंग चिंधीला लागला किंवा सुरकुतला, तर त्यावर जहाल थिनरचा रंग थेट मारायचा नाही. आमच्या गाडीवर हे सगळं एकाच गनने, एकाच दुपारी उरकलं होतं.

दोन कोटांमध्ये रंगाला दम द्यावा लागतो. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेली असतात, ती शोभेसाठी नसतात. एपॉक्सीवर पुढचा थर किती तासांत द्यायचा, हेही लिहिलेलं असतं. ती वेळ टळली की पुन्हा घासावं लागतं.

2017 च्या मार्चमध्ये उस्तादांनी गाडी पत्र्यापर्यंत उतरवली. तीन आठवडे घासणं आणि दोन दिवस रंग, असा हिशेब. त्यांची मजुरी ऐकून भाचा गप्प झाला. मीच म्हणालो, ‘पहिल्या वेळी आपणही घासण्याचे पैसे दिले नव्हते, फक्त तारीख मागितली होती.’ हार्डनरच्या रंगातून आयसोसायनेट हवेत जातं, दमा जडू शकतो. त्यासाठी ताज्या हवेची नळी असलेला मुखवटा लागतो. तो भाच्याने भाड्याने आणून दिला. उस्तादांनी चाळीस वर्षं नाकाला रुमाल बांधून काढली होती. त्यांचा खोकला मी ऐकला होता.

सगळी गाडी रंगवण्याआधी त्यांनी एका टाकाऊ पत्र्यावर तेच थर दिले. आठवड्याने ब्लेडने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारल्या, पंचवीस घरं झाली. वर चिकटपट्टी दाबली आणि ओढली. एकही घर निघालं नाही. तेव्हा कुठे ते म्हणाले, ‘आता आणा गाडी.’

त्यानंतरचे पावसाळे गाडीने झेलले. मागच्या वर्षी उजव्या फुगवट्याच्या जोडावर केसाएवढी चीर दिसली. मी घाईघाईने उस्तादांना बोलावलं. त्यांनी नख लावून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला. ‘रंग नाही सुटला भाई, खालचा जोड हलतोय. पाऊस संपला की पाठवा.’