दोन खाती



माझी दोन खाती आहेत. लिंक्डइनवर पदव्या आणि शोधनिबंध. इन्स्टाग्रामवर टोपणनाव, १४ एप्रिलची मिरवणूक, पांढऱ्या साडीतली आई. पीएचडीच्या मुलाखतीआधी मी ही भिंत उभी केली. महिन्याभरात ती कोसळली. इन्स्टाग्रामला नेहमीचाच मोबाइल नंबर दिला होता. ज्या सहकाऱ्याच्या फोनमध्ये तो होता, त्याला माझं खातं सुचवलं गेलं. "तुझ्याकडे बघून वाटलं नव्हतं हं," तो म्हणाला.

बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आला. त्यातला नायक परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. मी लपवत होते, चांगला मार्गदर्शक मिळावा म्हणून.

खाती वेगळी ठेवायची तर नंबर आणि ईमेलही वेगळे घ्या, फोनमधली संपर्कयादी जोडू नका. सावध राहण्यात कमीपणा नाही; पोटाचा प्रश्न आहे. पण सावधपणा कुठे संपतो आणि लाज कुठे सुरू होते, ते तपासत राहा. त्या दिवशी घाबरून मी आईचा फोटो काढून टाकला. तिनं फोनवर विचारलं, "मी बरी दिसत नव्हते का गं?"

फोटो परत लावलाय. खाती अजून दोनच आहेत.

जय भीम.