तालुक्याच्या गावची बँक : ओळख, जामीन आणि जबाबदारी

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी उभ्या राहिलेल्या सहकारी बँकेची पूर्वपीठिका सावकारी कर्जखतात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते हिसकावून जाळली. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कायद्याने सावकाराला वेसण घातली; पेरणीला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. न्यायमूर्ती रानडे आणि इंग्रज सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती. ती लंडनहून नामंजूर झाली. इतकी विचारपूर्वक आखलेली योजना कागदावरच राहावी, ही या इतिहासातील मोठी हानी होय.

सहकारी पतपुरवठ्याचे पहिले पाऊल इंग्रजी मुलखाबाहेर पडले. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली. मराठी मध्यमवर्गीयांनी आपापली बचत एकत्र करून गरजू सभासदाला कर्ज द्यायचे, एवढीच तिची कल्पना होती. सहकाराचा पहिला कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये आला. त्याचा रोख मुख्यतः खेड्यातील पतपेढ्यांवर होता. तरी शहरी पतसंस्थांना त्यात जागा मिळाली आणि मुंबई इलाख्यातील गावांनी ती लगेच घेतली. नगरला १९१० मध्ये, पंढरपूरला १९१२ मध्ये आणि कराडला १९१७ मध्ये अर्बन बँका उभ्या राहिल्या. मोठ्या बँकांच्या दारात ज्यांना उभे करत नसत, असे कारकून, शिक्षक, कारागीर आणि लहान दुकानदार हे या संस्थांचे सभासद.

या बँकांचे काम कसे चाले, हे नीट पाहण्यासारखे आहे. कर्ज हवे तर आधी सभासद व्हायचे, भाग घ्यायचे. मोठ्या कर्जासाठी भागही त्या प्रमाणात वाढवायचे. भाग कितीही असोत, वार्षिक सर्वसाधारण सभेत मत एकच. दागिने असतील तर सोनेतारण, पगार असेल तर पगारातून कपात, आणि दोन्ही नसेल तर दोन जामीनदार. जामिनावरचे कर्ज हाच या बँकांचा प्राण होता. दुकान किती चालते, हप्ता खरोखर अडचणीमुळे थकला की चुकवला, हे ताळेबंदावरून कळत नाही; ते शेजाऱ्याला ठाऊक असते. संचालक त्याच गल्लीत राहत असल्याने ही माहिती बँकेला फुकट मिळे. वसुली दाखल्याची पाळी येण्याआधी जामीनदारच कर्जदाराच्या घरी जाऊन बसे. ठेवींच्या बाबतीत दक्षिणेतील उडुपी या लहान गावाने वाट दाखवली. तिथे सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये घरोघरी रोज दोन आणे गोळा करण्याची पिग्मी ठेव सुरू केली. पुढे महाराष्ट्राच्या बाजारपेठांत पिग्मी एजंट हा रोजचा पाहुणा झाला.

१ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला. बँकिंगवर रिझर्व्ह बँक आणि नोंदणी, निवडणुका, व्यवस्थापन यांवर राज्याचे सहकार खाते, अशी दुहेरी देखरेख सुरू झाली. जबाबदारी नेमकी कोणाची, हा वाद पुढे अनेक दशके मिटला नाही.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडने या इतिहासात वेगळी भर घातली. वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यात घरावर टाकायला प्लास्टिकचे कापड घ्यायचे होते. त्यासाठी बचत करायची, तर कोणतीही बँक तिचे खाते उघडेना. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी अशा बायांना घेऊन बँकेच्या परवान्यासाठी अर्ज केला. प्रवर्तक सभासद निरक्षर आहेत, म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. बाया लिहायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की कोणत्याही मुदलावरचे व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटरशिवाय काढावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मजुरी बुडवून शाखेत येणे बायांना परवडत नाही, म्हणून बँक त्यांच्या दारी गेली. पिन क्रमांक चोरीला जाऊ शकतो, अंगठा नाही, हे सांगून अंगठ्याच्या ठशावर व्यवहार मागणाऱ्याही याच बाया. कर्जदाराची गरज त्याच्याच तोंडून ऐकून बँक कशी घडते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मात्र त्याच दशकात इतरत्र घडी विस्कटत होती. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मराठे समितीच्या शिफारशींनंतर १९९३ पासून परवान्यांचे नियम सैल झाले. २००१ पर्यंत आठशेहून अधिक नव्या बँका निघाल्या आणि त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लवकरच दुबळ्या ठरल्या. मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल बँक शेअर दलालाला दिलेल्या कर्जांत बुडाली आणि तिच्याकडे पैसा ठेवलेल्या लहान बँकाही अडकल्या. २००३ मध्ये संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास बंदी झाली. कर्जदाराला ओळखणे ही या बँकांची ताकद होती. तीच ओळख नियम वाकवायला वापरली गेली, तेव्हा ठेवीदार मेला. बँका गरिबांच्या थकबाकीने बुडाल्या, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मोठ्या पडझडींच्या मुळाशी मूठभर मोठ्या कर्जदारांना दिलेली कर्जे दिसतात. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेतही एका बांधकाम समूहाचे कर्ज खोट्या खात्यांआड लपवलेले होते. ठेवीदारांना आरंभी सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये ठेव विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली आणि त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीने व्यवस्थापन व लेखापरीक्षणावरही रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. सलग संचालकपदाला आठ वर्षांची मर्यादा आली. ती २०२५ मध्ये दहा वर्षे झाली. नागरी सहकारी बँकांची संख्या २००४ मध्ये १,९२६ होती. ती आता दीड हजारांच्या आत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवाना रद्द झालेल्यांत शतक ओलांडलेली नगर अर्बन बँकही होती. कराडची त्याच पिढीतील बँक आणि म्हसवडची बायांची बँक यांचे काम चालू आहे.