जुना फ्रीज भंगारात देण्यापूर्वी
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी एखाद्या मोठ्या विषयावर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आपल्या घरातील जुन्या फ्रीजविषयी बोलणार आहे. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, कुठेही जा, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. कूलर आणि फ्रीज आता चैनीच्या वस्तू राहिलेल्या नाहीत. वस्तू घेताना आपण दहा दुकाने हिंडतो. ती निकामी झाली की मात्र दारावरच्या भंगारवाल्याला देऊन मोकळे होतो.

कूलरची गोष्ट सोपी आहे. त्यात पत्रा, पंखा, पंप आणि पाणी. फ्रीज व एसी यांच्या नळ्यांत मात्र वायू कोंडलेला असतो. मागे एका भंगाराच्या दुकानापुढे पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा फ्रीजची नळी हातोडीने तोडताना मी पाहिला. फुस्स असा आवाज झाला, काळे तेल मातीत सांडले आणि थोडे तांबे हाती आले. त्या मुलाला कोणी काहीच सांगितलेले नव्हते.

ते सांगणे आपले काम आहे. जुन्या फ्रीजमध्ये आर-१२ हा वायू असे. तो वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचे कवच विरळ करतो, म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी करार केला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २०१० पर्यंत आपल्याकडे हा वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आला. परंतु त्या काळातील एखादा फ्रीज अजूनही कोणाच्या माळ्यावर असेल. त्यातील शंभर ग्रॅम वायू हवेत सोडला, तर पृथ्वी तापवण्यात तो एक टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. तो ओझोनला घातक नाही, पण पेट घेतो. ठिणगीजवळ नळी कापली तर जिवावर बेतते.

कायदाही स्पष्ट आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार फ्रीज व एसी हा ई-कचरा आहे. त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि त्यावर प्रक्रिया करणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे.

मग घरच्यांनी काय करावे? नवा फ्रीज घेताना जुना परत घेण्याची सोय दुकानदाराला किंवा कंपनीच्या ग्राहकसेवेला विचारावी, आणि जुना दिल्याची पावती घ्यावी. घरी नळी कापू नये, फोम जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो. फ्रीज अंगणात ठेवावाच लागला तर त्याचे दार काढून टाकावे. लपाछपी खेळताना लहान मूल आत शिरले आणि दार लागले, तर आतली हवा थोड्याच वेळात संपते. जुन्या कडीच्या दारांमुळे मुले गुदमरली, म्हणून अमेरिकेला १९५६ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला होता.

बंधूंनो, भंगाराचा धंदा कष्टाचा आणि हलाल कमाईचा आहे. त्याच्यावर कितीतरी घरे उभी राहिली, मुले शिकली. म्हणून त्याला नावे ठेवू नका, त्याला ज्ञानाची जोड द्या. दहावीनंतर आयटीआयमध्ये फ्रीज व एसी दुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. वायू यंत्रात भरण्याचे आणि हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घेण्याचे शास्त्र तेथे शिकता येते. उन्हाच्या या मुलखात असा कारागीर कधी रिकामा बसणार नाही. हातोडीने नळी तोडणारा तो मुलगा उद्या यंत्र लावून वायू काढणारा व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे. पालकांनी मनावर घेतले तर ते अवघड नाही.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू बाजूला करणे हाही सदका आहे, अशी आपल्या पैगंबरांची शिकवण आहे. काटा दिसतो, म्हणून आपण तो उचलतो. हा वायू दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी अधिक जागरूक राहावे लागेल. मित्रांनो, आज घरी गेल्यावर आपल्या फ्रीजमागची पाटी वाचा. त्यावर कोणता वायू लिहिला आहे ते वहीत टिपा आणि घरच्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगा. शिक्षणाची सुरुवात तेथूनही होते.