आडनाव एक, स्पेलिंगं दोन

आजचा भाग छोटा आहे, आणि माझ्याच एका चुकीबद्दल आहे.

आमचं आडनाव जाधव. माझ्या पासपोर्टवर शेवटी 'ए-व्ही', तर अकोल्याच्या काकांच्या आधारवर 'ए-ओ'. आजोबांचे थोरले भाऊ कामासाठी मुंबईला गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांना शोधायचं ठरवलं आणि इंजिनिअरच मी, आधी कोड लिहिला. साउंडेक्स नावाची पद्धत आहे, १९१८ सालच्या पेटंटमधली. इंग्रजीत सारखी ऐकू येणारी नावं ती एका कोडखाली आणते. तिने आपले शिंदे आणि ग्वाल्हेरचे 'एस-सी'वाले सिंदिया बरोब्बर जुळवले. पण सावंतही त्यातच टाकले! आणि आमचे 'व्ही'वाले, 'ओ'वाले जाधव मात्र वेगळे काढले.

मग हातानेच स्पेलिंग बदलत बसलो. एका जुन्या कामगार यादीत नाव दिसलं. लगेच फोन लावला, "आजी, सापडले!" ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "बापाचं नाव काय लिहिलंय रे?"

यादीत ते नव्हतंच. पुढे त्या माणसाचं गाव कळलं, भलत्याच तालुक्यातलं. आजीला "ते हे नव्हेत" सांगताना घशाला कोरड पडली.

तेव्हापासून एक नियम केलाय. आडनाव शोधायला वापरायचं, पुरावा म्हणून नाही. नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही दोन वेगळ्या कागदांवर जुळायला हवीत. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा, पण जन्मतारखेवर विसंबू नका; गुरुजींनी अंदाजे १ जून टाकलेली असू शकते. जमिनीचे जुने फेरफार काढा. मोडीतला कागद जाणकाराकडून वाचून घ्या, त्यात ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळलेलं नसतं. आणि 'अमुक बिन तमुक' म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. 'बिन' हे आडनाव नव्हे! प्रत्येक कागदाला विचारा: हे कोणी लिहिलं, कधी, कोणाच्या सांगण्यावरून?

थोरले आजोबा अजून सापडलेले नाहीत. पण आता आजी बोलते आणि मी रेकॉर्ड करतो. तुमच्याही घरी असं कोणी असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा, मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा. कागद थांबतील हो, माणसं थांबत नाहीत.

भेटू पुढच्या भागात!