नाकामागे लपणारा कर्करोग

घशाचा कर्करोग म्हटला की तंबाखू, बसलेला आवाज आणि गिळताना होणारा त्रास हेच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे येईल. नासाग्रसनीच्या कर्करोगाची रीत निराळी आहे. नाकाच्या पाठीमागे, टाळूच्या वर जी पोकळी असते, तीत तो उद्भवतो. तोंड उघडून पाहिले तरी ही जागा दिसत नाही. रोगाची पहिली वर्दीही घशातून क्वचितच येते. पुष्कळदा ती मानेतून येते : जबड्याच्या कोनाखाली एक न दुखणारी गाठ. कधी एकाच कानाला दडा बसतो, कारण मध्यकर्णाला हवा पुरविणाऱ्या नळीचे तोंड नेमके तेथेच उघडते. कधी शेंबडात रक्ताची रेघ दिसते. एका वस्तूच्या दोन दिसू लागणे, गाल बधिर होणे ही बहुधा मागाहूनची लक्षणे; तोवर रोगाने कवटीचा तळ गाठलेला असू शकतो.

दक्षिण चीनमध्ये हा रोग बराच आढळतो. भारतात तो विरळा. अपवाद ईशान्येकडील काही प्रदेशांचा, विशेषतः नागालँडचा. १९६४ साली एप्स्टाइन, अचोंग व बार यांनी वर्णिलेल्या विषाणूशी त्याचा निकटचा संबंध आहे. परंतु हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूटपणे वास करतो; तेव्हा आनुवंशिकता आणि, चीनच्या बाबतीत, बालपणापासून खाल्लेली खारवलेली मासळी यांचाही विचार करावा लागतो.

ईशान्येतील असंख्य तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी दिल्लीत राहतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या मानेत गाठ आली, तर वैद्याच्या मनात प्रथम क्षयच येतो. जुने लोक जिला गंडमाळ म्हणत, ती भारतात इतकी आढळते की या तर्काला दोष देता येत नाही. दोष आहे तो गाठीतील पेशी न तपासता महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देत राहण्यात. सुईने काढलेल्या पेशींची तपासणी, नाकातून दुर्बीण घालून केलेली पाहणी आणि संशयित जागेचा तुकडा काढून केलेली परीक्षा, एवढ्याने निदान होऊ शकते.

आणि ते वेळीच व्हावे असा हा रोग आहे. येथे शस्त्रक्रियेपेक्षा किरणोपचाराला महत्त्व. रोग वाढलेला असल्यास जोडीला औषधे. आरंभीच्या अवस्थेतील बहुसंख्य रोगी बरे होतात. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. तिचीच राष्ट्रीय कर्करोग संस्था २०१९ पासून हरियाणातील झज्जर जिल्ह्यात आहे. किरणोपचार सुमारे सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतो. त्याआधी दात तपासून घ्यावे लागतात, कारण पुढे लाळ आटते. दुरून आलेल्या रोग्याला एवढे दिवस राजधानीत बिऱ्हाड करावे लागते, आणि सोबतीला घरचे एक माणूसही.