अनुबोधपट आणि लोकांचा आवाज



चित्रपट म्हटला की कथा, नटनट्या आणि गाणी डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्याकडे चलच्चित्राचा आरंभ कथेने झालेला नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा पहिला खेळ झाला. पुढे १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी हँगिंग गार्डन येथील एक कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रणही त्यांनीच केले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा कथापट त्यानंतर, १९१३ मध्ये आला. म्हणजे या भूमीत कॅमेऱ्याने प्रथम प्रत्यक्ष जीवन टिपले. अनुबोधपटाची परंपरा ही अशी आपल्या घरचीच आहे.

प्रत्यक्ष जीवन टिपणे हे काम मात्र दिसते तितके सरळ नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील हिमप्रदेशातील एका इन्युइट कुटुंबावर रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी १९२२ मध्ये 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा चित्रपट काढला. जगाने तो वाखाणला. परंतु त्या काळी तेथील शिकारी बंदुका वापरू लागले होते आणि चित्रपटात मात्र त्यांना जुन्या भाल्यांनी शिकार करताना दाखविण्यात आले. बर्फाच्या घराच्या आत पुरेसा उजेड मिळावा म्हणून अर्धेच घर बांधून चित्रण करण्यात आले. हेतू वाईट नव्हता, चित्रेही सुंदर होती. तरीही एक प्रश्न उरतो. दुसऱ्याचे जीवन कसे दाखवायचे, हे कोणी ठरवायचे? अनुबोधपटाचा विचार करताना हा प्रश्न बाजूस सारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये केंद्र सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना केली. धरणे, शेती, लसीकरण, कुटुंबनियोजन, लोककला अशा असंख्य विषयांवरचे अनुबोधपट आणि वार्तापट या संस्थेने काढले आणि ते अनेक भारतीय भाषांत देशभर पोचविले. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी ते दाखविले जात. गावोगावी चावडीसमोर किंवा शाळेच्या पटांगणात पडदा लावून होणारे खेळ अनेकांच्या स्मरणात असतील. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आपला देश आपल्याच लोकांना दाखविण्याचे तिचे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही.

तथापि त्यांतील पुष्कळ चित्रपटांत एक उणीव होती. पडद्यावर शेतकरी दिसे, मजूर दिसे, लेकुरवाळी दिसे; बोलत असे तो केवळ निवेदक. त्या माणसांना काय वाटते हे निवेदकच सांगून मोकळा होई. संस्थेतील काही दिग्दर्शकांनाही ही उणीव जाणवली होती. १९६७ मध्ये एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय अ‍ॅम ट्वेंटी' हा अनुबोधपट तयार केला. देशाच्या स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या आणि आता विशीत आलेल्या तरुण-तरुणींना त्यांनी बोलते केले. कोणी आशेने बोलले, कोणी उद्वेगाने. सरकारी संस्थेच्या चित्रपटात नागरिकांची नाराजीही जशीच्या तशी ऐकू आली. त्यामुळे संस्थेची प्रतिष्ठा कमी झाली नाही, उलट त्या चित्रपटाची विश्वासार्हता वाढली.

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे होते. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८१ मध्ये पुण्यातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांवर 'मोलकरीण' आणि १९८२ मध्ये निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हे अनुबोधपट तयार केले. या स्त्रियांचे अनुभव आधी ऐकून घेण्यात आले आणि त्यांच्या सहभागातूनच चित्रपट आकारास आले. वेतन, कामाचे तास, अपमान, संघटना या गोष्टी त्या स्वतःच्या मराठीत सांगतात. १९८४ मध्ये अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेत कष्टकरी स्त्रियांनी व्हिडिओ चित्रणाचे शिक्षण घेतले. त्यांपैकी काहींना लिहितावाचता येत नव्हते, तरी त्या कॅमेरा चालवू लागल्या. अक्षरओळख नसलेली व्यक्तीही आपले म्हणणे नेमकेपणाने मांडू शकते, हे त्यांनी सिद्ध केले.

मुंबईतील झोपडपट्टी व पदपथवासीयांवरील आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एक स्त्री खुद्द चित्रपट काढणाऱ्यांनाच खडसावते : तुम्ही चित्रे घेऊन जाल, आमचे काय? दिग्दर्शकाने तो प्रसंग कापून टाकला नाही. हा प्रश्न केवळ चित्रपटकारांना लागू नाही. पाहणी करणारा अधिकारी, माहिती गोळा करणारा शिक्षक, अर्ज भरून घेणारा ग्रामसेवक, या सर्वांना गरीब माणूस मनातल्या मनात हाच प्रश्न विचारीत असतो.

म्हणूनच अनुबोधपटाचा उपयोग करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. खेळ संपताच दिवे लावून लोकांना घरी पाठवू नये. निदान अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवावा. स्त्रियांना मागे, कडेला न बसविता त्यांना बोलता येईल अशा जागी बसवावे. 'चित्रपट आवडला का?' असे न विचारता 'आपल्या गावात असे घडते का?' असे विचारावे. जे सांगितले जाईल ते लिहून ठेवावे आणि पुढील ग्रामसभेत मांडावे. पाणी, रस्ता, शाळागळती यांविषयी जे निवेदनांतून कळत नाही, ते अशा बैठकीत पुष्कळदा सहज कळते.

आज भ्रमणध्वनीमुळे चित्रण कोणालाही करता येते. शाळेतील मुलेही गावातील कुंभाराचे काम, आजीची ओवी किंवा आटलेली विहीर चित्रित करू शकतात. त्यांना दोन गोष्टी आवर्जून शिकवाव्यात. ज्याचे चित्रण करायचे त्याची आधी संमती घ्यावी, आणि तयार झालेले चित्रण सर्वांत प्रथम त्यालाच दाखवावे. त्याने एखादा भाग वगळण्यास सांगितले, तर तो विनातक्रार वगळावा. संकटात सापडलेल्या माणसाचे चित्रण करताना तर ही काळजी दुप्पट घेतली पाहिजे.

विकासाच्या योजना लोकांसाठी असतात, असे नेहमी सांगितले जाते. त्या लोकांना कशा भासतात हे जाणून घेण्याची साधने मात्र थोडी आहेत. अनुबोधपट हे त्यांपैकी एक साधन होय. गावात पडदा लागेल तेव्हा त्यावर काय दाखवायचे याची तयारी संबंधितांनी करावीच. परंतु खेळानंतर जो उठून बोलेल, त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याचीही तयारी ठेवावी.